ऑटिझम आणि सिरोटोनिन: 'किती' विचारून झालं, आता 'केव्हा' विचारायचं का?

पाटीपेन्सिल

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका वडिलांनी मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट फोनवर पाठवला. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली. सिरोटोनिन, मर्यादेपेक्षा जास्त. सोबत प्रश्न: "हिला ऑटिझम आहे, सिरोटोनिन आधीच जास्त आहे, आणि डॉक्टर सिरोटोनिन वाढवणारी गोळी सुचवताहेत. कोणीतरी चुकतंय ना?"

मी जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. गोळीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही हे त्यांना आधीच सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

सिरोटोनिन म्हणजे पेशींमधले निरोप नेणारं एक रसायन. पहिली गोष्ट, रक्तातलं सिरोटोनिन आणि मेंदूतलं सिरोटोनिन ही एकाच नावाची दोन बिऱ्हाडं आहेत. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सिरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बनवतात. तिथून ते रक्तात उतरतं आणि प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणारे बारीक कण) ते उचलून पोटात भरून घेतात. प्लेटलेट स्वतः सिरोटोनिन बनवत नाही, तिला केंद्रकही नाही, आठ-दहा दिवसांचं आयुष्य. मेंदूतलं सिरोटोनिन मात्र मेंदूच्या देठात, रॅफे नावाच्या पेशीपुंजांत तयार होतं. दोन्हीकडे ते बनवणारं एन्झाइमसुद्धा वेगवेगळ्या जनुकांवरून बनतं, हे २००३ साली कळलं. मधे ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातली आडभिंत, आहे आणि सिरोटोनिन ते ओलांडत नाही. त्यामुळे त्या रिपोर्टात मुलीच्या मेंदूबद्दल थेट एक अक्षरही नाही.

मग हा आकडा आला कुठून? १९६१ साली शेन आणि फ्रीडमन या दोघांनी ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या रक्तात सिरोटोनिन वाढलेलं दाखवलं. तो काळ लक्षात घ्या. मूल असं का, तर आईने माया लावली नाही म्हणून, असं भलेभले म्हणत होते. अशा वेळी मोजता येईल असं काहीतरी शरीरात सापडलं. त्यानंतर हे इतक्यांदा तपासलं गेलं की आज वाद उरलेला नाही: ऑटिझम असलेल्यांपैकी साधारण २५ ते ३० टक्के जणांत रक्तातलं सिरोटोनिन वाढलेलं सापडतं. म्हणजे उरलेल्या सत्तरेक टक्क्यांत नाही.

आता माझं मत. 'सिरोटोनिन कमी की जास्त' हा प्रश्नच आपल्याला चकवतो. मोठ्यांच्या मेंदूत सिरोटोनिन निरोप्याचं काम करतं, पण गर्भात आणि अगदी लहान वयात ते गवंड्याच्या हाताखाली असतं. माणसाच्या गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास या पेशी दिसू लागतात, म्हणजे मेंदूचा बाकी बराच भाग जागेवर नसताना. कोणत्या पेशीने कुठे सरकायचं, कोणत्या तंतूने कुठवर जाऊन थांबायचं, यात त्याचा हात असतो.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण उंदराच्या मिशांचं. उंदराच्या मेंदूच्या सालीत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एक गोल पुंजका असतो. काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पाच ओळींत ठिपके दिसतात, रांगोळीच्या कागदावर असावेत तसे. थोबाडावर मिश्या ज्या क्रमाने, त्याच क्रमाने आत ठिपके. १९९०च्या दशकात एका वाणाच्या उंदरांत सिरोटोनिन मोडणारं एन्झाइम (एमएओ-ए) चुकून नाहीसं झालं होतं. पिल्लांच्या मेंदूत सिरोटोनिन भरमसाट वाढलं. त्यांचा काप रंगवला तर ठिपके नाहीत, नुसता सपाट फराटा. मिश्या शाबूत, तंतूही पोचलेले, पण घरं आखलीच गेली नव्हती. आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सिरोटोनिन बनणं औषधाने रोखलं, तर ठिपके परत उमटले!

दुसरं, २००४ सालचं. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतर चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुऑक्सेटिन दिलं. हे औषध सिरोटोनिनची उचल थांबवतं, मोठ्यांना नैराश्यात देतात. ती पिल्लं मोठी झाल्यावर जास्त भित्री, जास्त चिंताग्रस्त निघाली. औषध बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते. तेच रसायन, फक्त वेळ वेगळी, परिणाम उलटा.

माणसांकडे येऊ. चुगानी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली पेट स्कॅनवर (किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचं काम टिपणारी तपासणी) दाखवलं की ऑटिझम नसलेल्या मुलांच्या मेंदूची सिरोटोनिन बनवायची क्षमता पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या दुपटीहून जास्त असते, मग उतरते. ऑटिझम असलेल्या मुलांत ही लाट दिसलीच नाही. दोन ते पंधरा वर्षांत क्षमता हळूहळू चढत मोठ्यांच्या दीडपटीवर गेली.

मला तरी यात एकच सूर ऐकू येतो: वेळापत्रक. सिरोटोनिनला ऑटिझमच्या चर्चेतून हाकलणारे आणि सिरोटोनिनच्या गोळ्यांनी ऑटिझम बरा करू पाहणारे, दोघेही वयाचा रकाना कोरा सोडतात. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर

लेख वाचनीय, निष्कर्ष अमान्य.

साठ वर्षं खर्ची घातली आणि हातात काय? डोंगर पोखरून उंदीर, तोही मिशांचा.

इतिहास सांगताय तर पुढचाही सांगा. १९८२ साली एका नामांकित नियतकालिकात तीन मुलांवरचा प्रयोग छापून आला. रक्तातलं सिरोटोनिन जास्त ना, मग उतरवा, म्हणून फेनफ्लुरामिन दिलं. तीन! तेवढ्यावर केवढा गाजावाजा झाला. रक्तातला आकडा खरोखरच उतरला. मुलांच्या वागण्यात मात्र मोठ्या चाचण्यांत म्हणावा तसा फरक पडला नाही. पुढे तेच औषध हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७ साली बाजारातून काढलं. (हल्ली ते अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांत पुन्हा देतात, पण ते वेगळं प्रकरण.)

मग सगळे उलट दिशेला धावले, आता वाढवून बघू म्हणे. २००९ साली सिटालोप्रामची चाचणी झाली. ५ ते १७ वयाची १४९ मुलं, १२ आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास ३३ टक्के सुधारले, साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के. औषधवाल्यांना झोप न लागणं, अतिचपळपणा, जुलाब हे वर नफ्यात. आधी उतरवून पाहिलं, मग चढवून पाहिलं, दोन्हीकडे शून्य. एखाद्या नळाची तोटी दोन्ही बाजूंनी फिरवून पाण्यात काही फरक पडत नसेल, तर तो नळ या टाकीचा नाही एवढं तरी मान्य कराल?

जनुकांकडे बघा. २०२० साली ३५ हजारांहून जास्त लोकांचे जनुक तपासून ऑटिझमशी जोडलेल्या १०२ जनुकांची यादी निघाली. बहुतेक जनुक चेतापेशींच्या जोडण्यांचे किंवा दुसऱ्या जनुकांवर ताबा ठेवणारे. मेंदूत सिरोटोनिन बनवणारा जनुक त्यात नाही, वाहून नेणाराही नाही.

आणि तुमच्या गवंड्याचं काय? मेंदूत सिरोटोनिन अजिबात बनू न शकणारे उंदीर २००८च्या सुमारास तयार केले. पिल्लं खुरटी राहिली, बरीच दगावली, पण जगली त्यांचा मेंदू ढोबळमानाने नेहमीसारखाच! गवंडी कामावर आलाच नाही आणि इमारत उभी. मग तो गवंडी होता की नुसता बघ्या?

लॅबकोट

मी दोन्ही पक्षांना नारळ देणार आहे. तुम्ही ज्या आकड्यावरून भांडताय तो आकडा कसा निघतो ते आधी ऐका.

सिरोटोनिनची तपासणी सांगणं सोपं, करणं त्रासाचं. संपूर्ण रक्तात मोजलं तर एक उत्तर, प्लाझ्मात (पेशी काढून उरलेल्या द्रवात) मोजलं तर भलतंच, कारण जवळपास सगळा माल प्लेटलेट्सच्या आत बसलेला असतो. प्लाझ्मा काढताना थोड्या जरी प्लेटलेट्स फुटल्या तरी आतला माल बाहेर सांडतो आणि आकडा उगाच फुगतो. आता डोळ्यांसमोर आणा: मूल हात ओढतंय, दोघांनी धरलंय, सुई एकदा बाहेर येऊन परत आत गेली, रक्त थेंबथेंब येतंय. त्या नळीत प्लेटलेट्स सुखरूप असतील याची मी तरी हमी देणार नाही. मग नळी बर्फात गेली की टेबलावर राहिली, सेंट्रिफ्यूज किती वेगाने फिरवलं, नमुना कधी गोठवला... प्रत्येक पायरीवर आकडा हलतो.

वय हलवतंच. पौगंडावस्थेनंतर ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्यांमधला फरक पुसट होतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या, पण ऑटिझम नसलेल्या मुलांतही वाढलेलं सिरोटोनिन सापडतं. १९६१च्या त्या पहिल्या निबंधातसुद्धा अशी मुलं होती. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांत आणि भावंडांत, ज्यांना स्वतःला ऑटिझम नाही त्यांच्यातही, तो आकडा चढलेला दिसतो.

आणि त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर पाटीपेन्सिल सर, तुम्ही दिलंच नाहीत. 'सिरोटोनिन वाढवणारी' गोळी सुरू केली तर रक्तातलं सिरोटोनिन उतरतं. कारण प्लेटलेटच्या दारावर जो वाहक प्रथिनाचा हमाल असतो, तोच चेतापेशीच्याही दारावर असतो, आणि ही औषधं त्यालाच अडवतात. चेतापेशींच्या मधल्या फटीत सिरोटोनिन रेंगाळतं, तिकडे प्लेटलेट रिकामी राहते. म्हणजे त्यांना दिसलेला विरोधाभास मुळात नाहीच.

वाटसरू

केळ्यात सिरोटोनिन असतं असं वाचलंय. मग मुलांना केळी द्यायची की बंद करायची? आणि ५-एचटीपीच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात त्यांचं काय?

लॅबकोट

@वाटसरू, केळी पोट भरायला द्या. त्यातलं सिरोटोनिन मेंदूत जात नाही. ५-एचटीपी मात्र मेंदूत पोचतं आणि तिथे त्याचं सिरोटोनिन होतं. म्हणूनच डॉक्टरांना न विचारता मुलाला ते अजिबात देऊ नका, त्यातून आधीच एसएसआरआय (वर सांगितली तशी सिरोटोनिनची उचल अडवणारी गोळी) चालू असेल तर मुळीच नाही. दोन्ही मिळून सिरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: ताप, थरथर, स्नायू ताठरणं, बेभानपणा. ते इस्पितळात न्यायचं प्रकरण आहे.

पाटीपेन्सिल

@लॅबकोट, गोळीने रक्तातला आकडा उतरतो हे माझ्याकडून राहिलंच. आभार, त्या वडिलांना कळवतो.

@शंकासुर, इमारतीचा मुद्दा जोरदार आहे, पण त्यात एक फट आहे. तुम्ही सांगता त्या उंदरांत मेंदूतलं एन्झाइम बंद होतं, गर्भाला बाहेरून मिळणारा पुरवठा चालू होता. २००७ साली उलट प्रयोग झाला: आईच्या आतड्यात सिरोटोनिन बनवणारा जनुक काढला. अशा आईच्या पोटातले गर्भ लहान आणि मेंदूच्या वाढीत मागे पडलेले निघाले, मग गर्भाचा स्वतःचा जनुक शाबूत असो वा नसो. २०११ साली तर दिसलं की उंदराची वार (प्लासेंटा) स्वतः आईच्या रक्तातल्या ट्रिप्टोफॅनपासून, म्हणजे अन्नातून येणाऱ्या कच्च्या मालापासून, सिरोटोनिन बनवते आणि ते गर्भाच्या पुढच्या मेंदूपर्यंत पोचतं. म्हणजे गवंडी गैरहजर नव्हता, आईच्या घरून आला होता.

आणि 'ढोबळमानाने' या शब्दावर मी अडून बसणार. ऑटिझम असलेल्या माणसाचा मेंदूसुद्धा ढोबळमानाने नेहमीसारखाच असतो की! त्याच सिरोटोनिनविना वाढलेल्या उंदरांत पुढे बारकाईने पाहिलं तेव्हा सिरोटोनिन पेशींचे स्वतःचेच तंतू काही भागांत विरळ आणि काही भागांत भलतेच दाट दिसले. त्यांचं एकमेकांशी वागणंही बिघडलेलं होतं.

जनुकांच्या यादीबद्दल. १६पी११.२ हा गुणसूत्राचा तुकडा गळाला तर ऑटिझमची शक्यता वाढते, हे सर्वमान्य. त्या तुकड्यात सिरोटोनिनचं यंत्र नाही. तरी २०१८ साली असं दिसलं की तो तुकडा गळालेल्या उंदरांत मेंदूतल्या न्यूक्लिअस अकम्बन्स या भागात सिरोटोनिन सोडायला लावलं की त्यांचं दुसऱ्या उंदरांत मिसळणं सुधारतं. यादीत नाव नाही म्हणून गुन्ह्याच्या जागी नव्हता, असं होत नाही.

शंकासुर

उंदीर, उंदीर आणि उंदीर. उंदरांत आजवर किती वेळा ऑटिझम 'सुधारला' याची मोजदाद ठेवायला वेगळी वही लागेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो तुम्ही टाळताय. 'किती' हा सिद्धान्त निदान खोटा ठरू शकत होता, आणि ठरला. तुमचा 'केव्हा' कधी खोटा ठरणार? मुलांना औषध दिलं, फरक पडला नाही, तुम्ही म्हणणार वेळ टळून गेली होती. लहानपणी दिलं, तरी नाही, तुम्ही म्हणणार आणखी आधी द्यायला हवं होतं. गर्भापर्यंत मागे जाल. असा सिद्धान्त ज्योतिषाच्या पंगतीत बसतो, ग्रह नेमके तेव्हाच वक्री होते म्हणे.

चुगानींच्या पेट स्कॅनवरही तुम्ही फार भार टाकलात. तुलनेसाठी ऑटिझमशी काही नातं नसलेली धडधाकट मुलं नव्हती, ऑटिझम असलेल्यांची भावंडं आणि अपस्मार असलेली मुलं होती. निव्वळ अभ्यासासाठी निरोगी लहानग्यांना किरणोत्सारी द्रव्य टोचणं बरोबर नव्हतंच, ते ठीकच केलं. पण मग आकडे त्या मानाने घ्यावेत. शिवाय तो मागकाढ्या पदार्थ सिरोटोनिन बनणं मोजतो की नुसतं ट्रिप्टोफॅनसारखं काही मेंदूत शिरणं मोजतो, यावरही संशोधकांत दुमत आहे.

पाटीपेन्सिल

खोटा ठरण्याची अट मागितलीत, तर देतो. २ ते ६ वर्षांच्या मुलांना बस्पिरोन (सिरोटोनिनच्या मार्गावर काम करणारं चिंतेचं औषध) देऊन पाहिलं गेलं, २०१६ साली निकाल आला. वेळापत्रकाचा विचार डोक्यात ठेवून आखलेली चाचणी होती ती, चुगानींच्याच गटाची. मुख्य मोजमापात फरक पडला नाही. कमी मात्रेच्या गटात तेच-ते करण्याच्या सवयी थोड्या घटल्या. माझ्या बाजूने मी हे अर्धं अपयश मांडतो. असे आणखी दोन-तीन निकाल कोरे आले, तर हा धागा मी स्वतः खाली ढकलीन.

दोन पिल्लांची आई

इतका वेळ नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

सर, तुमचं 'केव्हा' तुम्हाला फार सुंदर वाटतं. माझ्या कानावर ते कसं पडतं सांगू? "त्या नऊ महिन्यांत तू काय केलंस?"

मोठ्याच्या वेळी मला आधीपासून नैराश्य होतं. डॉक्टरांनी पूर्ण विचार करून गोळी चालू ठेवली. तो चार वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. त्याच रात्री एका नातेवाइकांनी बातमीचा दुवा पाठवला: गरोदरपणात नैराश्याच्या गोळ्या घेतल्यास ऑटिझमचा धोका ८७ टक्क्यांनी वाढतो. खाली हात जोडल्याची खूण. ती खूण मी अजून विसरले नाही.

धाकटीच्या वेळी मी गोळी बंद केली. कोणाला न विचारता. पाचव्या महिन्यात माझी अवस्था काय होती ते इथे लिहीत नाही. नवऱ्याने उचलून डॉक्टरकडे नेलं एवढं पुरे.

आणि मोठा सात वर्षांचा असताना त्यालाच अशी गोळी दिली गेली. कोणी दिली ते सोडा. "हातवारे कमी होतील" म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून तो खुर्चीत टेकेना. रात्री दोन वाजता दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत चकरा, प्रत्येक वेळी भिंतीला तळहात लावून परत. मी मोजल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोनशे दहापर्यंत मोजल्या. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू गोळी काढली, मग तो झोपला.

म्हणजे गर्भात घेतली तर मी दोषी, नंतर दिली तरी मीच. १९६१च्या आधी आईची माया कमी पडत होती, आता आईचं सिरोटोनिन चुकतं. तुमच्या सिद्धान्तात बाप कधी येणार?

आकडेमोड

@दोन पिल्लांची आई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या ८७ टक्क्यांबद्दल बोलता येतं.

तो आकडा कॅनडातल्या क्युबेकच्या अभ्यासाचा, बहुतेक २०१५च्या शेवटी गाजलेला. १ लाख ४५ हजार मुलं होती, पण दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत औषध पोचलेली आणि ऑटिझमचं निदान झालेली मुलं अगदी मोजकी. ८७ टक्के ही सापेक्ष वाढ. शंभरात एकाला होत असेल तर शंभरात दोघांनाही नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तोही आकडा खरा मानला तर. मथळ्यात हे कोणी छापत नाही.

खरी मेख अशी की गोळी घेणाऱ्या बायका आणि न घेणाऱ्या बायका मुळातच सारख्या नसतात. नैराश्य, त्यामागची आनुवंशिकता, झोप, ताण, सगळंच वेगळं. डेन्मार्कमधल्या सव्वासहा लाख जन्मांचा अभ्यास २०१३ साली आला. गरोदरपणात गोळी घेतलेल्यांत धोका ठामपणे वाढलेला दिसला नाही. पण गरोदरपणाच्या आधी घेऊन नंतर बंद केलेल्यांत मात्र वाढलेला दिसला! ज्या गर्भापर्यंत औषध पोचलंच नाही, त्यांच्यात. गोळीवर खापर फोडणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

स्वीडनमध्ये पंधरा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१७ साली झाला. त्यात एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. ऑटिझमशी संबंध उरला नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या अभ्यासात मात्र भावंडांच्या तुलनेतही आकडा वरच राहिला, फक्त तो योगायोग असू शकतो इतका डळमळीत होता. म्हणून मी "धोका शून्य" असं लिहिणार नाही. पण आईचं उपचाराविना राहिलेलं नैराश्य हा धोका शून्य नसतो, हे त्या बातमीच्या दुव्यात नव्हतं.

पाटीपेन्सिल

@दोन पिल्लांची आई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मिशांचं उदाहरण देताना मला वाटत होतं मी उंदरांबद्दल लिहितोय. 'गर्भात' हा शब्द मी चार-पाच वेळा सहज लिहून गेलो, तो कोणाच्या तरी पोटाबद्दल आहे हे लक्षात यायला हवं होतं.

सिद्धान्त मी मागे घेत नाही. पण वेळापत्रक म्हणजे आईने काय खाल्लं-प्यालं असं नव्हे. ते बहुतांशी जनुकांनी आधीच आखलेलं असतं, आणि जनुक अर्धे बापाचे. तुम्ही विचारलंत बाप कधी येणार, तर तो इथे येतो. मी मूळ लेखात त्याला आणायला हवं होतं.

कोपऱ्यातली खुर्ची

मी ऑटिस्टिक आहे. निदान एकतिसाव्या वर्षी. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताहेत, म्हटलं आपणही डोकावावं.

मी एसएसआरआय घेते, तीन वर्षं झाली. माझा ऑटिझम तसूभरही कमी झालेला नाही आणि व्हावा अशी मागणीही नाही. ट्यूबलाइटचा गुंई आवाज अजून ऐकू येतो, बेत ऐनवेळी बदलला की अजून पोटात गोळा येतो. फरक इतकाच की पूर्वी फोन वाजला की तासभर घाम सुटायचा, आता दहा मिनिटं. ते चिंतेचं औषध आहे आणि चिंतेवर चालतं. माझ्या बाबतीत. ज्या मुलाने रात्रभर चकरा मारल्या त्याच्या बाबतीत नाही चाललं.

तुमच्या दोन्ही बाजूंची खटकलेली एक गोष्ट. त्या चाचण्यांत 'सुधारणा' म्हणजे काय मोजतात? बऱ्याचदा हातवारे, डोलणं, तेच-ते करणं. १९९६ साली प्रौढांवर एक प्रयोग झाला होता, आहारातून ट्रिप्टोफॅन काढून मेंदूतलं सिरोटोनिन तात्पुरतं उतरवलं. ज्यांनी प्रयोग पूर्ण केला त्या १७ पैकी ११ जणांचं गिरक्या घेणं, हात फडफडवणं, येरझाऱ्या, स्वतःला मारून घेणं वाढलं. निबंधात ते 'बिघाड' म्हणून नोंदवलंय. स्वतःला मारून घेणं, ठीक, तो बिघाडच. पण हात फडफडवणं? मी घाबरले की हात फडफडवते, त्याने मला बरं वाटतं. सिरोटोनिन उतरल्यावर ती माणसं घाबरली असतील आणि स्वतःला सावरत असतील, असं मला तरी वाचताना वाटलं. ती जास्त चिंतेत दिसली, हेही त्यात लिहिलेलंच आहे.

@शंकासुर, म्हणून तुमचा नळ मला पटला नाही. १४९ मुलांच्या चाचणीत त्यांनी पाणी मोजायला जी बादली लावली, ती माझ्या मते चुकीच्या जागी होती.

शंकासुर

हे बरोबर बोललात. बादलीचा मुद्दा मान्य. १०२ जनुकांवरून मी हटत नाही.

लॅबकोट

सर, त्या मूळ रिपोर्टाचं पुढे काय झालं? संपूर्ण रक्त होतं की प्लाझ्मा?

पाटीपेन्सिल

काल रात्री विचारलं. रिपोर्टावर नुसतं 'सिरोटोनिन' लिहिलंय, कशात मोजलं ते नाही. वडिलांना आठवतंय ते इतकंच की मुलीने चार वेळा हात ओढला, दोन नर्सनी धरलं, आणि नळी बराच वेळ खिडकीपाशी उन्हात पडून होती.

आणि गोळीबद्दल त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं. मुलगी शाळेच्या दारात रोज उलटी करते. गोळी त्या भीतीसाठी सुचवली होती, तीही समुपदेशन करून उपयोग झाला नाही तरच. ऑटिझमसाठी नव्हेच. रक्ताची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेलीही नव्हती, एका पॅकेजमध्ये आपोआप आली होती.

शंकासुर

म्हणजे उन्हात तापलेल्या एका नळीवर आपण इतके प्रतिसाद पाडले.

लॅबकोट

निदान ती रेघ तरी खोडायला सांगा त्यांना.